गिरणगावात कोण कुठे जेवते

मुंबईत बाहेर जेवण्याचा इतिहास सांगायची वेळ आली की बहुतेक लेखक इराण्याच्या हॉटेलापासून सुरुवात करतात आणि उडप्यांच्या वाटेने पंचतारांकित हॉटेलांपर्यंत पोचतात. या मालिकेत गिरणगावातली खाणावळ सहसा नसते. तिला पाटी नव्हती, टेबलखुर्ची नव्हती आणि ती चालवणाऱ्या बाईचे नाव कुठल्या परवान्यावर नव्हते. तरी पिढ्यान्‌पिढ्या हजारो माणसे रोज दोन वेळा घराबाहेर जेवली ती तिथेच.

आज त्याच गिरणगावात देशातली काही सर्वांत नावाजलेली उपाहारगृहे आहेत. लोअर परळच्या कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल या आवारांत, महालक्ष्मीच्या शक्ती मिल गल्लीत आणि फिनिक्सच्या मॉलमध्ये शनिवारी रात्री जेवायला जायचे तर आधी जागा राखून ठेवलेली बरी. काही ठिकाणी माणशी काही हजार रुपये मोजून दहाबारा छोटे पदार्थ एकामागून एक समोर येतात. मी गिरणगावाबद्दल मिळेल ते वाचत आणि जमेल तसा तिथे हिंडत आलो आहे. खाणावळीच्या जागी ही उपाहारगृहे कशी आली याचे सर्वसाधारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते : संप झाला, गिरण्या बुडाल्या, जमिनीला भाव आला. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जमिनीला भाव आल्यावर तिथे मॉल आणि हॉटेलेच का यावीत, बागा, शाळा, घरे त्या प्रमाणात का येऊ नयेत, हे त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचे तर कायद्याने काय मोजले आणि काय मोजायचे सोडले, ते पाहावे लागते.

आधी खाणावळ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला १८५६ साली कापूस कातायला सुरुवात झाली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्या उभ्या राहिल्या. कामाला माणसे आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या भागांतून, आणि आली ती बहुतांशी एकटी. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका पाचशेहून थोड्याच अधिक होत्या. बायकोमुले गावाला, शेताचा तुकडा गावाला, आणि इथे एका गावच्या पंधरावीस गड्यांनी मिळून घेतलेली चाळीतली एक खोली. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर वळकटी पसरायचा. अशा खोलीत चूल मांडायला ना जागा, ना वेळ, ना कोणाला येत असलेला स्वयंपाक.

तो शेजारच्या खोलीतली बाई करायची. कधी ती गिरणी कामगाराचीच बायको असे, कधी विधवा, कधी नवऱ्याने टाकलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यात आणखी एका गटाची भर पडली. बायकांना रातपाळी बंद झाली, बाळंतपणाच्या रजेचा पगार देण्याचा कायदा आला, यंत्रे सुधारली आणि मालकांनी बायकांची भरती कमी कमी करत नेली. फाळक्यासारखी खाती, जिथे नायकिणीच्या हाताखाली बायका काम करत, आक्रसत गेली. गिरणीतून बाहेर पडलेल्या या बायकांपुढे गिरणगावात उरलेला मोठा धंदा म्हणजे गिरणीतल्या माणसांना जेवू घालणे. त्यांना मालकाने कामावरून काढले तरी त्याचे काम त्या करतच राहिल्या, फक्त आता त्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते.

खाणावळीचे गणित साधे वाटते, पण ते पाळीवर बसवलेले होते. सकाळी सातच्या भोंग्याआधी काहींचे डबे, दुपारी तीनला सुटणाऱ्यांची पंगत, तीनला जाणाऱ्यांचे त्याआधीचे जेवण, रात्री अकराला सुटणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेले ताट. पंधरा, वीस, कधी तीस गडी. कोकणातली बाई असेल तर भात आणि मासळीचे कालवण, घाटावरची असेल तर भाकरी, आमटी, आणि रविवारी मटण. आपल्या मुलखाची चव मिळते म्हणून गडी शक्यतो आपल्याच भागातल्या बाईकडे जेवत, आणि गावाहून आलेला नवा पोरगा पहिल्यांदा तिथेच आणून बसवला जाई. कुठल्या गिरणीत बदलीची जागा आहे, कोणता जॉबर किती घेतो, गावाला पाऊस झाला की नाही, ही सगळी बातमी ताटावर मिळे. पैसे मात्र महिन्याच्या पगारानंतर. म्हणजे महिनाभराचे धान्य, सरपण, रॉकेल बाईने उधारीवर उचलायचे आणि वाण्याचे व सावकाराचे व्याज तिनेच सोसायचे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर गिरणी उद्योगाला लागणारे खेळते भांडवल काही अंशी या बायका पुरवत होत्या. मालकांच्या ताळेबंदात त्याचा रकाना नव्हता.

खाणावळीची आठवण हळवेपणाने काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. हे ताट सगळ्यांसाठी नव्हते. गाव आणि मुलूख म्हणता म्हणता जातही त्यात येत असे. गिरणीच्या आतही तेच होते. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून इतर कामगार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यात येऊ देत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तेव्हा गिरणगावात पूर्वी सगळे एका पंगतीला बसत आणि आता मॉलने माणसे वेगळी केली, अशी मांडणी कोणी करू लागला तर ती मला मान्य नाही.

खाणावळवाल्या बायकांची पहिली मोठी संघटना उभी राहिली ती १९७५ साली. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि पुढे गिरणगावातल्या कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. राष्ट्रीयीकृत बँकांनी गरिबांना कमी व्याजाने कर्ज द्यावे अशी योजना तेव्हा होती. तिचा फायदा या बायकांना मिळवून देणे हे मंडळाचे पहिले काम. बँकेच्या कागदावर नाव लागले, तेव्हा या धंद्याची कुठेतरी पहिली अधिकृत नोंद झाली. सात वर्षांनी संप आला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. खाणावळीच्या बाजूने पाहिले तर पगार थांबला म्हणजे पैसे थांबले, पण ताटे थांबली नाहीत. बऱ्याच बायकांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातले. गडी हळूहळू गावाला गेले, काही शेतात राबले, काही परत आलेच नाहीत. उधारी राहिली. संप औपचारिकपणे मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. या साऱ्याची साक्ष ज्यांना वाचायची आहे त्यांनी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून गोळा केलेला इतिहास वाचावा. ते पुस्तक मराठीतही आले आहे.

आता आवाराकडे वळू. गिरणीची शेड ज्याने आतून पाहिली आहे त्याला ती का आवडते हे सांगावे लागत नाही. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेला तोंड करून, म्हणजे ऊन आत येत नाही आणि दिवसभर एकसारखा उजेड राहतो. सुताचा तुटका धागा दिसायला असा उजेड लागे. खाली बिडाचे खांब, वर भरपूर उंची, मध्ये भिंती नाहीत. यंत्रे काढून टाकली की उरते ते आजच्या वास्तुरचनाकाराला मागूनही मिळणार नाही असे दालन. दिवे खाली सोडा, विटा उघड्या ठेवा, झाले उपाहारगृह. कमला मिलच्या आवारात 'द बॉम्बे कँटीन' नावाचे प्रसिद्ध उपाहारगृह २०१५ पासून आहे. त्याच्या पत्त्यात आजही 'प्रोसेस हाऊस' असे शब्द आहेत. कापड विणून झाल्यावर ते धुणे, विरंजणे, रंगवणे, खळ देणे हे जिथे होई ते प्रोसेस हाऊस. पत्ता टिकला, खाते गेले. फिनिक्स ही १९०५ सालची गिरणी. तिची चिमणी मॉलच्या मधल्या अंगणात अजून उभी आहे आणि तिच्याभोवती लोक फोटो काढत असतात.

आवाराचा दुसरा गुण मात्र जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. गिरणीचे आवार हे माणसे मोजण्यासाठी बांधलेले असे. उंच भिंत, एकदोन दरवाजे, दरवाज्यावर हजेरीबाबू. आत येणारा कामगार वेळेवर आला की नाही आणि बाहेर जाणाऱ्याच्या कपड्यात सुताची गुंडी नाही ना, हे पाहण्यासाठी वाट एकच असणे सोयीचे. आतले रस्ते कापसाच्या गठड्या नेणाऱ्या हातगाड्यांपुरते. रचना तीच राहिली, फक्त दरवाज्यावर आता पिशवी तपासणारे यंत्र आहे. कुठेही 'प्रवेश नाही' असे लिहिलेले नाही. तरीही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्याची तीस वर्षे ज्या दरवाज्यातून काढली, त्यातून आत जायला तो आज बिचकतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्याला कोणी अडवत नाही, पण आत जाऊन करायचे काय, हा त्याचा प्रश्न असतो. बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते.

शेडी पाडल्या न जाता त्यांतच दुकाने आणि हॉटेले का आली, याचे कारण सौंदर्यदृष्टी असे आपल्याला सांगितले जाते. मूळ कारण विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम आहे, १९९१ सालचा. संपानंतर गिरण्या आजारी होत्या. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते आणि मुंबईत जमीन सोन्याची होत चालली होती. तेव्हा सरकारने असा तोडगा काढला की मालकाने काही जमीन विकावी, त्या पैशातून गिरणी सुधारावी, कामगारांची देणी द्यावीत, आणि जमीन मोकळी करताना शहरालाही वाटा द्यावा. वाटणी ढोबळमानाने तिघांत : एक हिस्सा महापालिकेला मैदाने, बागा, सोयींसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. लहान गिरणीत, म्हणजे पाच हेक्टरपर्यंत, हे प्रमाण ३३, २७ आणि ४० टक्के होते. दहा हेक्टरच्या वर मालकाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत खाली येई.

नियम न्याय्य वाटतो. पण वाटणी होती ती मोकळ्या जमिनीची आणि शिल्लक चटईक्षेत्राची. उभ्या असलेल्या बांधकामाचा वापर बदलून तिथे व्यापार करायला परवानगी होती, आणि त्यासाठी जमीन द्यावी लागत नव्हती. शेड पाडली तर तिघांत वाटणीची शक्यता, शेड ठेवून तिच्यात दुकान, कार्यालय, हॉटेल घातले तर सगळे आपले. शहाणा मालक काय करील? नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या आत हळूहळू दिवे लागू लागले ते असे. फिनिक्समध्ये बोलिंगचा खेळ आला तेव्हा कामगारांच्या करमणुकीच्या सोयीच्या नावाने परवानगी घेतली गेली, असा आरोप बंद गिरणी कामगारांच्या संघटनांनी केला आणि दारात निदर्शने केली. त्या आरोपाचे कायदेशीर तथ्य काहीही असो, चेंडू ढकलून लाकडी बाहुल्या पाडायला कुठला साचेवाला जाणार होता, हा प्रश्न गिरणगावाने तेव्हा विचारला आणि हसून सोडून दिला.

तरीही काही मालकांना शेडी पाडून मनोरे बांधायचे होते. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते ती 'मोकळी जमीन' की नाही, हा वाद त्यातून निघाला. २००१ साली सरकारने नियम बदलून त्याचे उत्तर दिले : नाही. वाटणी फक्त आधीपासून रिकामी असलेल्या जमिनीची. उदाहरण घेऊ. समजा एका गिरणीची जमीन दहा एकर आहे, त्यांतल्या सात एकरांवर शेडी आहेत आणि तीन एकर रिकामी आहे. दहाही एकर वाटणीला धरली तर पालिकेला ३.३ एकर आणि म्हाडाला २.७ एकर, मिळून सहा एकर. फक्त रिकामी जमीन धरली तर पालिकेला जेमतेम एक एकर आणि म्हाडाला त्याहून कमी, मिळून दोन एकरांच्या आत. गिरण्या दाटीने बांधलेल्या असत, रिकामी जागा थोडीच. साऱ्या गिरणगावाच्या सुमारे सहाशे एकरांना हे लावून पाहा.

एका पर्यावरणवादी संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा नियम कायम केला. मधल्या काळात, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या आपल्या पाच गिरण्यांची जमीन लिलावाने विकली होती. त्यांतल्या लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाईल मिलला ७०२ कोटी रुपये आले. तेव्हा हा आकडा वर्तमानपत्रांत मथळ्याला होता. आज त्या जमिनीवरच्या मनोऱ्यांकडे पाहून तो कोणाला आठवत नाही.

दुसरा रस्ता होता. १९९६ साली सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. खासगी मालकांनी आत येऊ दिले नाही, म्हणून गटाने महामंडळाच्या २५ गिरण्यांचा अभ्यास केला. एकेका गिरणीची वेगळी वाटणी करण्याऐवजी जवळजवळच्या जमिनी एकत्र धरून आखणी करावी, म्हणजे सलग मैदाने, रस्ते आणि स्टेशनांबाहेर मोकळे चौक मिळतील, असे त्यांचे म्हणणे. परळ आणि एलफिन्स्टन रोड या समांतर स्थानकांभोवतीच्या परिसराचा त्यात खास विचार होता. अहवाल सादर झाला आणि कपाटात गेला.

गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, त्यांत काम करणारी माणसे आली, पण स्टेशन आणि पूल जुने राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, एलफिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या 'वन अबव्ह' आणि 'मोजोज बिस्त्रो' या शेजारशेजारच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीत ठपका हुक्क्याच्या निखाऱ्यांवर आला. वर जळाऊ सामानाचे तात्पुरते छप्पर होते, बाहेर पडायची वाट अपुरी होती, आणि बरेच जण आसऱ्याला स्वच्छतागृहात शिरून तिथे गुदमरले.

या दोन घटना वेगवेगळ्या वर्गाच्या म्हणून वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या. पुलावर लोकलने आलेले नोकरदार, गच्चीवर वाढदिवसाला आलेली तरुण मुले. मला त्या एकाच नियमाच्या दोन टोकांना दिसतात. आवाराबाहेर चौक झाले नाहीत, कारण शहराच्या वाट्याला जमीन आली नाही. आणि आवाराच्या आत जुन्या भिंती, जुने दरवाजे तसेच ठेवून वापर बदलत गेला, कारण तसे करणेच फायद्याचे होते. माणसे मोजायला बांधलेल्या आवारात शेकडो पाहुणे बोलावले, पण ती बाहेर कशी पडतील हे पाहिले नाही. आगीनंतर आठवडाभर हातोडे चालले, बेकायदा छपरे पडली, न्यायालयाने चौकशी समितीही नेमली. त्यानंतरच्या शनिवारी इतर आवारांत गर्दी पूर्ववत होती.

मोजणीची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुन्हा जेवणाची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला सरकार भाग पाडू शकत असे. पुढच्याच कलमात दीडशेच्या वर कामगार असतील तर विश्रांतीची आणि डबा खाण्याची खोली सांगितली होती. गिरणीत हजारो कामगार असत, त्यामुळे प्रश्नच नव्हता. कँटीनचा चहा पाणचट आणि भजी तेलकट असे, त्यावरून भांडणेही होत, पण मालकाला ते चालवावे लागे. खाणावळ आणि कँटीन मिळून कामगाराचे दिवसभराचे खाणे भागे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही कँटीनची तरतूद आहे : शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला ते ठेवावे लागते. अनेक आस्थापनांनी मिळून एक कँटीन ठेवायचे ठरवले तर तीही मुभा आहे. आता मॉल डोळ्यांपुढे आणा. आत येणाऱ्याला तो एकच इमारत दिसतो. कायद्याला मात्र तिथे शेकडो वेगवेगळ्या आस्थापना दिसतात. कपड्यांच्या दुकानात पंधरा माणसे, घड्याळांच्या दुकानात सहा, सौंदर्यप्रसाधनांच्या टेबलामागे दोन. सुरक्षारक्षक एका कंत्राटदाराचे, झाडूवाल्या दुसऱ्याच्या. एकूण बेरीज एखाद्या मध्यम गिरणीएवढी होईल, पण बेरीज करणारे कलम नाही. 'ठरवले तर' हे दोन शब्द आहेत, आणि ते ठरवायचे कोणी, हे लिहिलेले नाही. काही व्यवस्थापने कर्मचाऱ्यांसाठी मागच्या बाजूला खोली देतात, काही देत नाहीत. ते त्यांच्या मर्जीवर आहे.

मोकळ्या जमिनीची व्याख्या आणि आस्थापनेची व्याख्या, दोन्हींत युक्ती एकच आहे. एकसंध गोष्टीचे तुकडे मोजायचे, म्हणजे वाटा लहान होतो. हे कोणी एकाने कट करून केले असे मी म्हणत नाही. दोन कायदे वेगळ्या काळात, वेगळ्या खात्यांनी केले. पण एकाच आवारात येऊन ते एकमेकांना छान जुळले.

मग ही माणसे जेवतात कुठे? दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला मॉलच्या मालवाहू दरवाज्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. गणवेशाच्या काळ्या सदऱ्यावर साधा शर्ट चढवून पोरेपोरी बाहेर पडतात. गणवेशात रस्त्यावर खाताना दिसू नये, अशी ताकीद काही दुकानांत असते. कोणी जिन्याच्या पायऱ्यांवर घरून आणलेला डबा उघडते. बाकीचे स्टेशनकडे : वडापाव, अंडाभुर्जी, प्लेटभर पुलाव. दिवसभर उभे राहिलेली ही मुले खाताना बसायला जागा शोधतात आणि बहुतेकदा उभ्यानेच खातात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यात घातला, तो ज्यांना विनोद वाटला असेल त्यांनी हे एकदा बघावे. यांतली पुष्कळ मुले दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरारहून येतात. एक मुलगी मला म्हणाली की तिचे आजोबा याच रस्त्यावरच्या गिरणीत होते. कोणत्या, ते तिला माहीत नव्हते.

आत काय शिजते याबद्दल माझी तक्रार नाही. उलट एक गंमत आहे. या नव्या उपाहारगृहांनी परदेशी पदार्थांचा नाद थोडा कमी करून देशी, प्रांतिक खाणे ताटात आणले. जो बोंबील खाणावळीत आठवड्यातून चार दिवस असे आणि ज्याचा वास येतो म्हणून चाळीत भांडणे होत, त्याला आता छापील यादीत मानाचे स्थान आहे. भाकरी आहे, ठेचा आहे. आचारी मन लावून काम करतात, त्यांतले काही या चवींच्या शोधात गावोगाव हिंडलेले असतात. फक्त हे पदार्थ याच रस्त्यावर, पाचशे पावलांच्या आत, कोणाच्या तरी चुलीवर रोज रांधले जात होते, ही नोंद यादीत कुठे आढळत नाही. जयंत पवारांच्या ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या नावातला फिनिक्स परका वाटत नाही तो या रस्त्यामुळे. घरे विकणाऱ्यांनी तर लोअर परळलाच मध्यंतरी 'अप्पर वरळी' म्हणायला सुरुवात केली होती.

खाणावळी पूर्ण संपल्या असेही नाही. संपानंतर काही बायकांनी कार्यालयांना डबे पुरवायला सुरुवात केली, पुढे काहींच्या सुनांनी ते काम चालू ठेवले. डिलाईल रोडच्या बाजूला अजून अशी घरे आहेत, जिथे दुपारी बाराच्या आत पोळीभाजीची पाकिटे बांधून तयार होतात आणि एक पोरगा ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पूल ओलांडून आवारांकडे नेतो. घेणारे कोण, असे मी एकदा विचारले. बँकेतले काही, सुरक्षारक्षक पुष्कळ, आणि एका मोठ्या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यातले चौघे. ते पाहुण्यांचा स्वयंपाक सुरू होण्याआधी, साडेतीनला, मागच्या दाराशी बसून जेवतात. पैसे महिन्याच्या पगाराला.